लेबलावर न छापलेली नावं

(सी. रामचंद्र यांच्या स्मरणार्थ नगर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



पुणतांबे म्हटलं की नगर जिल्ह्यातल्या माणसाला गोदाकाठची चांगदेवांची समाधी आठवते आणि दौंड-मनमाड मार्गावरचं जंक्शन आठवतं. १२ जानेवारी १९१८ रोजी याच गावात रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म झाला. जग त्यांना सी. रामचंद्र म्हणतं, चित्रसृष्टी अण्णा म्हणत असे आणि गायक म्हणून तबकडीवर त्यांचं नाव नुसतं 'चितळकर' असं छापलं जाई. 'अनारकली'चे अण्णा आणि 'ऐ मेरे वतन के लोगो'चे अण्णा आपल्याला पाठ आहेत. त्यांच्यावर याच जिल्ह्यात पुष्कळ बोललं गेलं आहे आणि पुढेही बोललं जाईल. मी आज दुसऱ्या अण्णांबद्दल बोलणार आहे. ट्रंपेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोनच्या तीन रांगा समोर बसवून हिंदी गाण्याला झुलायला लावणारे ते अण्णा. त्याहून जास्त मी बोलणार आहे त्या रांगांतल्या माणसांबद्दल.

माझं म्हणणं थोडक्यात आधीच मांडतो, म्हणजे पुढे वाट चुकायला नको. अमेरिकेत स्विंगच्या जमान्यात बिग बँडचा वादक तबकड्यांमुळे नावारूपाला आला. आपल्याकडच्या वादकांनीही तितक्याच निष्ठेनं तबकड्यांत आयुष्य ओतलं, पण त्यांच्या तबकड्यांवर सिनेमाचं नाव आलं, गायकाचं आलं, संगीतकाराचं आलं, वादकाचं आलं नाही. भारतातल्या स्विंगचा ध्वनिमुद्रित इतिहास शोधायचा तर तो हिंदी चित्रपटगीतांच्या मधल्या संगीतात, म्हणजे दोन कडव्यांमधल्या पंधरा-वीस सेकंदांत शोधावा लागतो. आणि ते पंधरा-वीस सेकंद ज्यांनी मोकळ्या हातानं दिले त्यांत आपला पुणतांब्याचा माणूस फार पुढे होता.

बिग बँड म्हणजे काय, हे आधी पाहू. साधारण पंधरा-सोळा वादक. पुढच्या रांगेत पाच सॅक्सोफोन, त्यांच्या मागे तीन-चार ट्रॉम्बोन, त्यांच्याही मागे तेवढेच ट्रंपेट आणि बाजूला पियानो, गिटार, उभा बास, ड्रम. यातली खरी गंमत सवालजबाबात आहे. सॅक्सोफोन एक वाक्य म्हणतात, पितळी वाद्यं ते तोडून उत्तर देतात. निवृत्तिनाथांची पालखी नगरवरून जाते तेव्हा दिंडीत टाळकऱ्यांच्या समोरासमोरच्या दोन ओळी आपण पाहतो. एका ओळीनं चरण टाकावा, दुसरीनं उचलावा, आणि मधला विणेकरी सगळ्यांना एका लयीत धरून ठेवतो. बिग बँडची रचना ज्याला समजून घ्यायची आहे त्याला नगरकर माणसानं एवढं दाखवलं तरी पुरे.

या तीन रांगांत ट्रॉम्बोनचं वाद्य भारतीय कानाला सगळ्यात जवळचं आहे असं मी मानतो. ट्रंपेटला तीन कळा असतात. कळ दाबली की सूर बदलतो, एका सुरावरून दुसऱ्यावर उडी पडते. ट्रॉम्बोनला कळा नाहीत. सुमारे नऊ फूट लांबीची नळी दुमडलेली असते आणि तिचा एक भाग पुढे-मागे सरकतो. सरकनळीच्या सात जागा ठरलेल्या. पण त्या नळीवर खुणा नाहीत, पडदे नाहीत. जागा वादकाच्या हाताला आणि कानाला माहीत असावी लागते. दोन जागांमधून हात संथ नेला तर सूर न तुटता घसरत जातो. विनायकबुवा पटवर्धनांकडे पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात शिकलेल्या अण्णांना या वाद्यात मींड ऐकू आली नसेल, हे मला पटत नाही. लग्नाच्या बँडपथकात किंवा लष्करी बँडमध्ये ट्रॉम्बोनवाले नेहमी पहिल्या रांगेत चालताना दिसतील. कारण साधं आहे: सातव्या जागेवर हात गेला की नळी पुढच्याच्या पाठीत लागते. भिंगारच्या छावणीमुळे नगरला पितळी बँड नवा नाही. लग्नाच्या पथकांची वाद्यं बहुतेक मेरठहून येत. तिथे नादिर अली आणि कंपनी १८८५ पासून ती घडवत आली आहे. म्हणजे वाद्य ओळखीचं होतं. त्या वाद्यातून झुलता, लोण्यासारखा मऊ सूर काढता येतो, हे मात्र आपल्याला तबकड्यांनी सांगितलं.

तो सूर जगाला ऐकवणारा माणूस म्हणजे टॉमी डॉर्सी. १९०५ साली पेनसिल्व्हेनियातल्या कोळसा खाणींच्या मुलखात जन्मला. वडील संगीतशिक्षक होते. मुलांनी खाणीत उतरू नये म्हणून त्यांनी थोरल्या जिमीच्या आणि धाकट्या टॉमीच्या हातात फुंकायची वाद्यं दिली. १९३५ पासून टॉमीचा स्वतःचा बँड व्हिक्टर कंपनीसाठी तबकड्या करू लागला आणि पुढची सुमारे पंधरा वर्षं त्याच कंपनीसाठी करत राहिला. दहा इंची तबकडी, मिनिटाला ७८ फेरे, एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. तेवढ्यात धून, गायकाचं कडवं, बँडचा आडवातिडवा खेळ आणि शेवट, सगळं बसवायचं. जानेवारी १९४० ते सप्टेंबर १९४२ या काळात फ्रँक सिनात्रा या बँडचा गायक होता आणि तेवढ्यात ऐंशीहून अधिक गाणी ध्वनिमुद्रित झाली. सिनात्रा पुढे आयुष्यभर सांगत राहिला की श्वास न तोडता लांबलचक ओळ कशी गावी हे आपण डॉर्सीच्या पाठीमागे बसून, त्याचा ट्रॉम्बोन पाहून शिकलो. वाद्यानं गायकाला गायला शिकवलं! आपल्याकडे सारंगी आणि गळ्याचं नातं सांगतात, त्याच जातीची ही गोष्ट आहे. आणि त्या प्रत्येक तबकडीच्या लेबलावर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत नाव असे ते ट्रॉम्बोन वाजवणाऱ्याचं.

आता मुंबई. १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन बँडप्रमुख आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. १९३६ मध्ये क्रिकेट स्मिथच्या बँडनं मुंबईत केलेली 'ताज महाल' ही फॉक्सट्रॉटची तबकडी निघाली. नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझ युगावर २०१२ साली जे सुंदर पुस्तक लिहिलं त्याचं नाव याच तबकडीवरून आलं आहे. वेदरफर्ड पुढे कलकत्त्याला गेला, तिथे युद्धकाळात भरपूर तबकड्या केल्या आणि १९४५ मध्ये तिथेच वारला. या पाहुण्यांच्या बँडमधून आणि बँडसमोर बसून जी पिढी तयार झाली ती मुख्यतः गोमंतकीय होती.

तीच का? पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात गावच्या चर्चला जोडलेल्या शाळेत 'मेस्त' मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत असे. त्यामुळे पंधरा वर्षांचा मुलगा मुंबईला येऊन धोबी तलावच्या आपल्या गावच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडात, पथारी टाकत असे तेव्हा त्याला समोर ठेवलेला कागद पाहताक्षणी वाजवता येत असे. हे कौशल्य त्या काळच्या मुंबईत दुसऱ्या फारशा कोणाकडे नव्हतं. त्याच गोव्यातल्या हळदोणे गावचा एक मुलगा, जन्म १९१६, नाव आंतोनियो झेवियर वाझ. आईला वाटे की पोरानं मेकॅनिक व्हावं. पोरगं ट्रंपेटच्या नादी लागलं, लुई आर्मस्ट्राँगच्या तबकड्या घोटून घोटून वाजवू लागलं आणि चिक चॉकलेट या नावानं प्रसिद्ध झालं. रंगूनला त्यानं बँड चालवला, मुंबईत ग्रीन्स हॉटेलात वाजवलं. लोक त्याला भारताचा आर्मस्ट्राँग म्हणत.

अण्णा तोवर कुठे होते? नागपुरात आणि पुण्यात गाणं शिकून ते नट व्हायला निघाले होते. १९३५ च्या 'नागानंद'मध्ये नायकाचं काम मिळालं, चित्रपट चालला नाही. मग मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ भूमिका, आणि तिथेच बुंदू खाँ, हबीब खाँ यांच्या संगीतविभागात पेटीची साथ. संगीतकार म्हणून पहिली संधी दोन तमिळ चित्रपटांनी दिली. हिंदीत दार उघडलं ते भगवान पालव म्हणजे भगवानदादा यांनी, १९४२ च्या 'सुखी जीवन'मध्ये. नाचाचं वेड असलेला तो दिग्दर्शक आणि लयीचं वेड असलेला हा संगीतकार यांची जोडी जमली ती कायमची.

१९४६ च्या डिसेंबरात अमेरिकेत एक विलक्षण गोष्ट घडली. अवघ्या काही आठवड्यांत बेनी गुडमन, टॉमी डॉर्सी, हॅरी जेम्स, जॅक टीगार्डन अशा एकेका नामवंतानं आपापला बँड मोडला. पंधरा-सोळा माणसांचे पगार परवडेनात, युद्धानंतर नृत्यगृहं ओस पडू लागली, लोकांना बँडपेक्षा गायक हवा झाला. काहींनी पुढे बँड पुन्हा उभे केले, पण तो जमाना परतला नाही. आणि नेमक्या त्याच सुमारास, १९४७ मध्ये, फिल्मिस्तानचा 'शहनाई' आला आणि त्यातलं 'आना मेरी जान संडे के संडे' घराघरांत गेलं. तिकडे बिग बँडचं घर मोडत होतं, इकडे त्याला नवं घर मिळत होतं. मागोमाग १९४९ मध्ये 'पतंगा'तलं 'मेरे पिया गये रंगून', १९५० मध्ये 'समाधि'तलं 'गोरे गोरे', १९५१ मध्ये 'अलबेला'.

हॉटेलातल्या वादकांना स्टुडिओकडे ढकलणारी कारणंही याच काळातली आहेत. युद्धात ब्रह्मदेश पडला आणि रंगूनची हॉटेलं गेली. फाळणीनं लाहोर गेलं. तिथल्या स्टिफल्स हॉटेलात बँड चालवणारे रेईश मागुशचे सेबॅस्टियन डिसोझा मुंबईला आले आणि पुढे ओ. पी. नय्यर व शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यवृंद लिहिण्यात त्यांचा हात राहिला. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. त्यानंतर रात्रीच्या नाचगाण्याची रया गेली. रात्री हॉटेल आणि दिवसा ध्वनिमुद्रण असं करत करत कित्येकांचं मुख्य पोट ध्वनिमुद्रणावर आलं.

ते ध्वनिमुद्रण कसं चाले, हे जरा जवळून पाहू, कारण वादकाचं खरं कर्तृत्व तिथे आहे. अण्णा पेटीवर चाल बांधत, ती सरगमीत आणि गळ्यात. गोमंतकीय सहायक ती ऐकून पाच रेघांच्या कागदावर उतरवी: पाच सॅक्सोफोनना वेगळे कागद, ट्रंपेटना वेगळे, ट्रॉम्बोनना खालच्या पट्टीच्या चिन्हातले वेगळे. चिक चॉकलेट आणि जॉन गोम्स यांनी अण्णांकडे हे काम केलं. मग तालीम. मग मुद्रण, आणि तेही प्रकाशपट्टीवर, म्हणजे आवाजाचा आलेख थेट फिल्मवर छापला जाई. ती फिल्म प्रयोगशाळेत धुतल्याशिवाय काय वाजलं ते नीट ऐकायलाही मिळत नसे. चुंबकीय फीत आपल्या स्टुडिओंत पन्नाशीच्या दशकात रुळली. मायक्रोफोन मोजके. आवाजाचा तोल बटणांनी साधण्यापेक्षा माणसं हलवून साधावा लागे. गायिका मायक्रोफोनपाशी, व्हायोलिन जवळ, आणि पितळी वाद्यं पार मागच्या भिंतीला, तोंडावर म्यूट लावून. नंतर एखादा तुकडा वेगळा जोडायची सोय नव्हती. तिसऱ्या कडव्यात एका ट्रॉम्बोनवाल्याची सरकनळी अर्ध्या बोटानं चुकली की लताबाईंपासून तबलजीपर्यंत सगळ्यांना पहिल्यापासून. साडेतीन मिनिटांचं गाणं, त्यात ट्रॉम्बोनचं काम वीस सेकंदांचं. बाकीचा सगळा वेळ हातातलं वाद्य थंड पडू न देता मात्रा मोजत बसायचं आणि आपली वेळ आली की तोललेल्या श्वासावर अचूक शिरायचं. हॉटेलात रात्रभर वाजवण्यापेक्षा हे अवघड, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

'गोरे गोरे'ची मूळ धून कार्मेन मिरांडानं 'डॉल फेस' या १९४५ च्या अमेरिकन चित्रपटात गायलेल्या गाण्याची आहे, हे जाणकारांना ठाऊक आहे आणि ते लपवायचं कारण नाही. पण नुसत्या उचलेगिरीनं गाणं पंचाहत्तर वर्षं टिकत नाही. लता आणि अमीरबाई कर्नाटकी यांच्या गळ्यात ती चाल देताना अण्णांनी ती इतकी आपल्या वळणाची करून घेतली की नलिनी जयवंत आणि कुलदीप कौर पडद्यावर येतात तेव्हा तिचं मूळ कुठलं हा प्रश्नच मनात येत नाही. 'अलबेला' तर त्यांची कमाल आहे. निर्माता, दिग्दर्शक, नायक भगवानदादा. नायिका गीता बाली. त्याच चित्रपटात 'धीरे से आजा री अँखियन में' ही पिलूतली अंगाई आहे आणि 'शोला जो भडके' हे बाँगो-मराकसच्या ठेक्यावरचं गाणंही आहे. 'दीवाना परवाना'मध्ये चिक चॉकलेट आणि त्याचा बँड झालरी लावलेल्या लॅटिन झग्यांत पडद्यावरही दिसतो. एरवी भिंतीला बसणारे वादक तेवढ्यापुरते प्रकाशात आले. मला तो प्रसंग फार मोलाचा वाटतो.

१९५७ च्या 'आशा'मधल्या 'ईना मीना डीका'त पितळी वाद्यांना आणि सॅक्सोफोनला अण्णांनी जेवढी जागा दिली तेवढी त्या काळच्या हिंदी गाण्यात क्वचित कोणी दिली असेल. हे गाणं किशोरकुमार आणि आशा भोसले यांच्या आवाजांत दोनदा आहे, शब्द राजेंद्र कृष्ण यांचे. बाहेर खेळणाऱ्या मुलांच्या बडबडीवरून ते सुचलं आणि जॉन गोम्स यांनी त्यात आपल्या कोंकणीतले दोन शब्द घुसवले, अशी हकिगत सांगतात. सहायकाची मायबोली देशभर गायली गेली आणि त्याचं नाव मात्र आज इथल्या किती जणांना माहीत होतं?

अण्णांवर त्या काळात टीका झाली. यांनी भारतीय संगीत बाटवलं, असं म्हणणारे होते. ते म्हणणं मला कधीच पटलं नाही. ज्यानं 'अनारकली'त भीमपलासाच्या अंगानं 'ये ज़िंदगी उसी की है' बांधलं, गदिमांच्या 'गीतगोपाल'ला चाली दिल्या, त्याला स्वतःचं घर ठाऊक होतं. घर ठाऊक असलेला माणूसच पाहुण्याला नीट बसवतो. अण्णांच्या स्विंगमध्ये पितळी रांग कधी गायकाच्या शब्दावर चढत नाही. ओळ संपली की ती उत्तर देते आणि मागे सरते. ही शिस्त त्यांना गायकीच्या तालमीतून आली, आणि ते स्वतः गात होते म्हणूनही आली. 'शाम ढले खिड़की तले'मध्ये शीळ वाजवत गाणारे चितळकर ऐका. मायक्रोफोनशी कुजबुजण्याची ती कला सिनात्राच्या पिढीची आहे आणि शब्दांचा लाडिकपणा अस्सल आपला.

इतर नावंही घेतली पाहिजेत. कुडचड्याचे ट्रंपेटवादक फ्रँक फर्नांड अनिल विश्वास, हेमंतकुमार यांच्याकडे सहायक होते आणि त्यांनीच 'आमचें नशीब' आणि 'निर्मोण' हे कोंकणी चित्रपट केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. प्यारेलाल यांनी आपल्या या गुरूचं नाव 'अमर अकबर अँथनी'च्या गाण्यात अमर केलं. ताजमध्ये १९३९ पासून १९६० पर्यंत बँड चालवणारे मिकी कोरिया. चिक चॉकलेट १९६७ मध्ये गेला, पन्नाशी नुकतीच गाठलेली असताना. ट्रॉम्बोनची रांग मात्र चालू राहिली. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातला ब्लास्को मॉन्सोरेट यांचा ट्रॉम्बोन ऐकला की डॉर्सीपासून सुटलेली ती मऊ मींड मुंबईत किती खोल रुजली होती ते कळतं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सिंथेसायझर आला आणि एका माणसाच्या दोन हातांत सोळा जणांची रांग आली. मोठी ध्वनिमुद्रण दालनं रिकामी झाली.

अण्णांनी १९७७ साली 'माझ्या जीवनाची सरगम' लिहिली, ५ जानेवारी १९८२ रोजी ते गेले. त्यांच्या नावानं या जिल्ह्यात दरवर्षी त्यांची गाणी होतात. माझी संयोजकांना एक विनंती आहे. पुढच्या १२ जानेवारीला पुणतांब्यात कार्यक्रम कराल तेव्हा निवेदकानं प्रत्येक गाण्याआधी गीतकार, गायक यांच्या जोडीला सहायकाचं आणि कळत असेल त्या वादकाचंही नाव घ्यावं. वाद्यवृंदात कीबोर्डवरचा ट्रॉम्बोन न वापरता नगरच्या बँडपथकातला किंवा लष्करी बँडमधून निवृत्त झालेला एखादा वादक बोलवावा, त्याला कागद आठ दिवस आधी द्यावा, आणि मानधन गायकाच्या बरोबरीनं द्यावं.

आता आपण तीन तबकड्या ऐकणार आहोत. पहिली 'समाधि'ची, दुसरी 'अलबेला'ची, तिसरी 'आशा'ची. प्रत्येक गाणं दोनदा लावू. पहिल्या वेळी नेहमीसारखं ऐका. दुसऱ्या वेळी गायकाकडे लक्ष देऊ नका. ओळ संपल्यावर जे वाजतं तेवढंच ऐका, आणि सॅक्सोफोनला उत्तर देणारी पितळी रांग कुठे सुरू होते तिथे हात वर करा.